वहीची डावी पानं

आमच्या घरी मटण शिजलं की ताटात पडलेल्या तुकड्याचं नाव सांगितल्याशिवाय तोंडात घालायची सोय नव्हती. हा नियम मायचा. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात रोजच मटण शिजतं असं हॉस्टेलवरच्या पोरींना वाटायचं. त्यांना काय सांगणार? मेंढरू विकायचं असतं, खायचं नसतं. देवाच्या जत्रेला एक बकरं, आणि मधे कधी एखादं पाय मोडून पडलं, लांडग्यानं धरलेलं सुटून आलं पण जगायचं नाही असं दिसलं, तरच आमच्या चुलीवर ते मोठं पातेलं चढायचं. येसर मसाला घातलेला काळा रस्सा, बाजरीची जाड भाकर, आणि चुलीपुढं बसलेली माय, हातात पळी. ती आधी वाढायची, मग पळी आडवी धरायची. "नाव सांग, मग खा." मी म्हणायचे, "नळी." माझा भाऊ म्हणायचा, "फरा." चुकलं तर ती तुकडा उचलून परत पातेल्यात टाकायची आणि नुसता रस्सा वाढायची. रडलं तरी ऐकायची नाही. "ज्याचा जीव घेतला त्याचं नाव तरी घ्या," एवढंच म्हणायची. दादांना, म्हणजे आमच्या वडलांनाही सूट नव्हती. ते चिडून म्हणायचे, "आता या वयात माझी परीक्षा घेती व्हय गं?" आणि तरी नाव सांगूनच घास घ्यायचे. सूट होती ती फक्त पाहुण्याला. पाहुण्याला विचारायचं नाही, त्याला गपचूप वाढायचं. पाहुणा परका, त्याला काय ठाऊक असणार, असं ती म्हणायची.

वडवणीच्या अलीकडं माळावर आमची आठ-दहा घरांची वस्ती. माय त्या वस्तीची, आणि खरं सांगायचं तर आसपासच्या पाच-सहा गावांची, मेंढरांची डॉक्टर होती. हा शब्द मी आज वापरते. तेव्हा तिला कुणी असं म्हटलं नाही. मेंढी अडली की माणसं तिला बोलवायला यायची. ती कोपरापर्यंत हात तेलानं माखायची, आत घालायची, डोळे मिटायची आणि बोलत राहायची. "पाणमोट फुटलीय. मुंडी मागं हाय. पुढचा एकच पाय आलाय. थांब गं बाई, थांब." कोकरू बाहेर आलं की त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढून, त्याला मागच्या पायांना धरून एक झोका द्यायची. मग वार पडायची वाट बघत तिथंच बसून राहायची. वार पूर्ण पडली की नाही हे ती पाण्यात पसरून, चादर बघावी तशी बघायची. मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या बांधायची त्या अशा की महिन्याभरानं कोणता पाय मोडला होता हे ओळखू येऊ नये. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तिच्यामागं दिवा, तेल, चिंध्या घेऊन असायचे. शाळेत पाढे पाठ झाले त्याच्या आधी मला मेंढराच्या अंगातलं सगळं पाठ होतं.

त्या अंगातलं एक हाड आमचं खेळणं होतं. मागच्या पायाच्या घोट्यात असतं ते. लहान, चार बाजूंचं, हातात नीट बसणारं. माय ते उकळून, राखेनं घासून पांढरं करायची. मी आणि ती, पाऊस उघडलेल्या दुपारी, मेंढरं बसलेली असताना, पाच हाडं घेऊन खेळायचो. वर फेकायची, हाताच्या पाठीवर झेलायची. मायचं त्या हाडाला एक नाव होतं. त्याचं पुढं सांगते.

बारावीला मला जे मार्क पडले त्यांची बातमी वस्तीवर कुणाला कळली नाही, कारण कळण्यासारखं कुणी नव्हतं. शाळेतले गुरुजी स्वतः सायकल ढकलत माळावर आले आणि दादांना म्हणाले, "पोरगी डॉक्टर होईल. फॉर्म भरतो." उमापूरच्या एका घराला दादांनी शब्द देऊन ठेवला होता. मुलगा चांगला होता, घरी दीडशे मेंढरं आणि विहिरीवरची जमीन. शेवटी ते म्हणाले, "जाऊ द्या. पण गुरुजी, नापास झाली की लगीन. उमापूरवाले एक वर्ष थांबतील, दोन न्हाई थांबायचे." मी दाराआड होते. तो सौदा मला मान्य होता. नापास होणं ही गोष्ट तोपर्यंत माझ्या आयुष्यात घडलेलीच नव्हती.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. आमच्या शरीररचनाशास्त्राच्या सरांचंही लिहीत नाही. सर गेले, त्यांची मुलं भली आहेत, भेटली की वाकून नमस्कार करतात. पण जे झालं ते झालं, आणि ते न लिहिता मी माझी गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. बऱ्याच पोरी बाहेर पळाल्या होत्या. मी पळाले नाही. मेलेलं शरीर बघून मला काही होत नव्हतं. उलट वाटलं, हे आपलं काम आहे. सरांनी खांद्याचं चपटं हाड वर धरलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हं, हे काय?" मला ते हाड ठाऊक होतं. डावं की उजवं तेही ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघालं, "फरा." मग सर म्हणाले, "अर्धा किलो द्या हो, आणि थोडी चरबी पण घाला." सगळा हॉल हसत सुटला. सर हसले नाहीत. त्यांना हसायची गरज नव्हती. "इथं याला स्कॅप्युला म्हणतात. खाटकाच्या दुकानातली भाषा फाटकाबाहेर ठेवून यायची." त्या दिवसापासून मला सगळे फरा म्हणायला लागले. "ए फरा, डबा आला." "फरा, तुझं पत्र आलंय." माझी खोलीतली मैत्रीण शैला, शहरातल्या इंग्रजी शाळेतली, तीसुद्धा प्रेमानं तेच म्हणायची. मी ते नाव पाच वर्षं ऐकलं. अजूनही जुन्या बॅचचं कुणी भेटलं की तेच म्हणतं आणि वर विचारतं, "राग नाही ना आला?" आला आहे. चाळीस वर्षं आला आहे.

शब्द हा माझा शत्रू झाला. हाताला सगळं कळायचं, तोंडाला काहीच येत नव्हतं. अ‍ॅसिटॅब्युलम, क्लॅव्हिकल, कॉक्सिक्स, ड्युओडेनम. मी ते मंत्रासारखे घोकायचे आणि सकाळी विसरायचे. पहिल्या चाचणीत मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. त्या संध्याकाळी मला उमापूरची विहीर आणि दीडशे मेंढरं दिसायला लागली. उमापूर वाईट होतं असं नाही. पण ती मेंढरं राखायला मी इतकं शिकले नव्हते.

ग्रंथालयात खालच्या फळीवर एक जाडजूड वैद्यकीय शब्दकोश होता, पाठीची शिवण उसवलेला. तो कुणी घेत नव्हतं. चाचणीनंतर मी तो घेऊन बसले ते रागानं. बघू तरी हे लोक म्हणतात काय. प्रत्येक शब्दापुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, हा शब्द लॅटिनमधून आला की ग्रीकमधून, आणि तिथं त्याचा साधा अर्थ काय. मी पॅटेला काढला. लहान वाटी. मी परत वाचलं. गुडघ्यावरच्या हाडाला जे नाव घोकून माझी जीभ सुकली होती, त्याचा अर्थ वाटी. आणि आम्ही जन्मभर गुडघ्याची वाटी म्हणत आलो! टिबिया, नडगीचं हाड: पावा. आम्ही ताटात त्याला नळी म्हणायचो. डोळ्यातला प्युपिल: छोटी बाहुली. माय कोकराच्या डोळ्यात बघून म्हणायची, बाहुली हलती, जगंल. मसल: लहान उंदीर. आणि आमची पोरं दंड फुगवून बेटकुळी काढतात. त्यांना तिथं उंदीर दिसला, आम्हाला बेडकी दिसली, एवढाच फरक. मी ग्रंथालयात एकटीच मोठ्यानं हसले. शिपाई ओरडला. मला वाटलं, हे रोमचे आणि ग्रीसचे लोक काय मोठे पंडित होते? हे आमच्या वस्तीवरचेच होते. चुलीपुढं, दावणीपुढं, गोठ्यात बसून त्यांनी नावं ठेवली. हातात जे होतं त्याचं नाव हाडाला दिलं. वाटी, पावा, बाहुली, उंदीर. मग हजार-दोन हजार वर्षांनी ती नावं कोट घालून परत आली आणि मला फाटकाबाहेर उभी करायला लागली.

त्या रात्रीच मी दोनशे पानी वही घेतली. उजव्या पानावर कॉलेजचा शब्द आणि त्याचा मूळ अर्थ. डावं पान मायसाठी रिकामं.

दिवाळीच्या सुट्टीत मेंढरांची कातरणी चालली होती. माय मेंढी पाडून, तिचे पाय गुडघ्याखाली दाबून लोकर कातरायची आणि मी शेजारी वही घेऊन बसायचे. मी एकेक अवयव विचारायचे, ती सांगायची. मेंढीच्याच अंगावर बोट ठेवून दाखवायची. मेंढी बिचारी दोघींकडं बघायची. ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे मला तेव्हा कळलं नाही.

"कानाच्या भोकापुढं ही जी बोंडी असती, तिला ते बोकड म्हणतात," मी सांगितलं.

मायनं कातर थांबवली. "बोकड? कावून गं?"

"म्हाताऱ्या माणसांना तिथं केस येतात. बोकडाच्या दाढीसारखे. म्हणून."

माय हसायला लागली ती थांबेच ना. दादा घोंगडीवर पडले होते. ती ओरडली, "आवं ऐकलं का? तुमच्या कानात बोकड हाय म्हणं! मला वाटलंच होतं, इतकी वर्सं झाली, कुठं बें बें आवाज येतुय!"

दादा कूस न वळता म्हणाले, "शिकवा पोरीला. चांगलं शिकवा. उमापूरवाल्यांना बी सांगू."

"तुमी गप पडा," माय म्हणाली आणि परत कातर चालवायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन पाणमोटंला काय म्हणत्यात?"

मी पान काढलं. "अ‍ॅम्निऑन. त्याचा अर्थ कोकरू. लहान कोकरू."

ती मेंढीच्या पोटावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांची बी मेंढरं हुती का गं?"

"असतील."

"असतील कशाला, हुतीच. ज्यानं पाणमोटंला कोकरू म्हणलं त्याचा हात आत गेलता." तिनं माझ्याकडं बघितलं. "लिही. माझं बी लिही. मोठं लिही."

दुसऱ्या दिवशी मी तिला गळ्याखालच्या हाडाचं विचारलं, क्लॅव्हिकलचं. त्यांच्या भाषेत छोटी किल्ली. तिनं माझ्याच गळ्याला हात लावला. "ही हासळी. लेकराच्या गळ्यात घालतात तशी. पण ही मेंढराला नसती."

"नसते?"

"बघ की." तिनं मेंढीच्या मानेखाली माझी बोटं दाबून फिरवली. खरंच काही लागलं नाही. "मेंढराचं पाय फुडं-मागं हालत्यात. आडवं पसरत न्हाईत. माणसाला हासळी हाय म्हणून माणूस असं करतो." आणि तिनं, हातात कातर, अंगभर लोकर, दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. माळावर उभी, उन्हात. ती अशीच माझ्या डोळ्यांत राहिली आहे. शाळेत एक दिवस न गेलेली बाई मला तौलनिक शरीररचना शिकवत होती आणि मी ती वहीत दोन ओळींत उतरवून घेतली.

वहीची डावी पानं भरली. घोट्यातल्या खेळायच्या हाडाचंही नाव मी लिहिलं, टॅलसच्या समोर. शब्दकोशात लिहिलं होतं की त्या जुन्या लोकांची पोरंही मेंढराची हीच हाडं घेऊन खेळायची. ते मायला सांगितल्यावर तिनं आत जाऊन आमची पाचही हाडं आणली आणि माझ्या पिशवीत टाकली.

आता शब्द माझ्या तोंडात बसायला लागले. ज्याचा चेहरा ओळखीचा झाला त्याचं नाव कसं विसरणार? दुसऱ्या चाचणीत मी वर्गात तिसरी आले. आणि सरांनी मला बोलावलं. शैलानं त्यांना वहीचं सांगितलं होतं, चांगल्याच मनानं. सरांनी वही अर्धा तास चाळली. त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. मिळालीही.

"हे फार छान काम आहे. मराठी माध्यमाची मुलं दरवर्षी इथंच अडखळतात. याची पुस्तिका करू आपण. हे उजवीकडचं कुणी सांगितलं?"

"शब्दकोशात बघितलं, सर."

"आणि हे डावीकडचं?"

"माझ्या आईनं." मी माय म्हणाले नाही. तेही इथं लिहून ठेवते.

ते हसले. "हे बघ, मूळ कल्पना उत्तम आहे. पण नळी, वार, पाणमोट... हे चालणार नाही. पुस्तक विद्यापीठात जाईल, मोठी माणसं बघतील. ग्रीक आणि लॅटिनच्या समोर संस्कृतच शोभतं. मी तुला शब्द देतो, ते लिही. अंसफलक, जंघास्थि, अपरा, गर्भजलकोश." मग त्यांनी वही मिटली आणि अगदी सहज, खिडकीकडं बघत म्हणाले, "तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे ना तुमची? बाहेरचे परीक्षक माझे मित्रच आहेत. काळजी करू नकोस."

हे वाक्य मी आयुष्यभर उलटं-सुलटं करून बघितलं आहे. ती धमकी होती का? कदाचित ते खरंच मला धीर देत असतील. पण मला त्यात उमापूर ऐकू आलं, आणि मी मान हलवली.

त्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात एक बाकडं होतं. तिथं बसून मी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. डिसेक्शनच्या ब्लेडनं, ते धारदार असतं. शिपायाकडून खळ घेतली. आणि मायचा एकेक शब्द झाकत गेले. पाणमोट झाकली, वर गर्भजलकोश लिहिलं. वार झाकली. नळी झाकली. फरा झाकताना तर मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दोन दुपारी लागल्या. हात थरथरला नाही. माझा हात कधीच थरथरत नाही, पुढं ऑपरेशनं करतानाही लोक तेच सांगायचे. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी मारत नव्हतं. मी स्वतः, सुवाच्य अक्षरात ते केलं आणि वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, पांढऱ्या मिशांचे, थकलेले. शेजारी आमचे सर. परीक्षकांनी क्लॅव्हिकल माझ्या हातात दिलं. "हे नसतं तर काय झालं असतं?" मी म्हणाले, "हात आडवे पसरता आले नसते, सर. मेंढराला हे नसतं, म्हणून त्याचे पाय नुसते पुढं-मागं चालतात." ते खुर्चीत सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला. "वा! पुस्तकात असं कुणी लिहीत नाही. मुली, हे तुला कुणी शिकवलं?"

प्रश्न सोपा होता. उत्तर दोन अक्षरी होतं. मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं बघत होते.

"सरांनी," मी म्हणाले.

परीक्षकांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. मी पास झाले. उमापूरच्या मुलाचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं लग्न झालं.

पुढच्या वर्षी पुस्तिका छापून आली. हिरवं कव्हर. सरांचं नाव. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या पत्नीचे, छपाईवाल्याचे, टाइप करणाऱ्या कारकुनाचे आभार मानले होते. माझं नाव नव्हतं. मी वही परत मागितली तेव्हा ते म्हणाले, घर बदलताना गहाळ झाली. मी एक प्रत विकत घेतली आणि सुट्टीत घरी नेली, कारण मायनं पत्र लिहवून विचारलं होतं, आपल्या वहीचं काय झालं.

तिनं हात धुऊन, पदराला पुसून पुस्तिका घेतली. उलटीच धरली होती. "हायेत का माझी नावं यात?"

मी म्हणाले, "हायेत."

तिनं ती लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मी परत गेल्यावर काय झालं ते मला नंतर भावानं सांगितलं. माय ती बरोबर घेऊनच फिरायची. मेंढी सोडवायला गेली की तिथल्या बायकांना दाखवायची. नारायणगडाच्या यात्रेला नेली, तिथं चार पाहुण्यांना दाखवली. "माझ्या लेकीनं, गोदीनं छापलंय. माझी नावं हायेत यात." मग एका बाजारच्या दिवशी ती वडवणीला गुरुजींकडं गेली आणि म्हणाली, "मला वाचून दाखवा. पाणमोट कुठं लिहिलीय तेवढं बोट ठेवून दाखवा." गुरुजी सरळ माणूस. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "बाई, यात तुमचं काही दिसत नाही." मायनं विचारलं, "गोदीचं?" ते म्हणाले, "तिचंही नाही."

मी दिवाळीला घरी गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मायनं पाय धुवायला पाणी दिलं, तब्येत विचारली. पुस्तिका कुठं दिसली नाही. मला वाटलं ट्रंकेत असेल. त्या दिवशी एक लंगडं मेंढरू कापलं होतं. तोच काळा रस्सा, तीच भाकर. ती चुलीपुढं बसली होती. भावाच्या ताटात वाढून तिनं पळी आडवी धरली. "नाव सांग." तो म्हणाला, "बरगडी." दादांनी कुरकुरत सांगितलं, "खुबा." मग तिनं माझ्या ताटात वाढलं. पळी आडवी झाली नाही. ती सरळ पातेल्यात गेली.

मी थांबले. मला वाटलं ती विसरली. मीच म्हणाले, "नळी."

"खा की," माय म्हणाली. जाळ मागं सारत, माझ्याकडं न बघता. आवाजात राग नव्हता. "पावण्याला कुठं इचारत्यात."

दादांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यानंतर माय एकवीस वर्षं जगली. मी तिला माझ्या दवाखान्यात आणलं, तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या मित्राकडून करून घेतलं, तिला विमानात बसवलं. ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची, माझी लेक डॉक्टर. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. पण तिनं मला एकदाही परत नाव विचारलं नाही. आणि मीही कधी तो विषय काढला नाही. माफी मागायला माझी जीभ वळली नाही. मी गर्विष्ठ आहे, हे मला ठाऊक आहे.

ती पुस्तिका अजून छापली जाते म्हणे. परवा एका तरुण डॉक्टरनं मला कौतुकानं दाखवली, आमच्या वेळी हिच्यामुळंच पास झालो म्हणाला. मी चाळली. गर्भजलकोश आहे तिथंच आहे. मुलं तो शब्द पाठ करतात, पास होतात, आणि मेंढीवाली बाई दवाखान्यात येऊन पाणमोट म्हणाली की हसतात.

निवृत्त झाल्यावर मी नवी वही आणली. उजवी पानं भरायला आठवडा लागला. डावी पानं आठवून आठवून भरते आहे. खुबा, हासळी, वार, बाहुली, पाणमोट. भावाला फोन करून विचारते. त्याला थोडी आठवतात. दादा गेले, वस्तीवर आता मेंढरं नाहीत, पोरं ऊसतोडीला आणि पुण्याला जातात. जवळजवळ सगळी नावं जमली. एक जमत नाही. टॅलसच्या समोरची जागा कोरी आहे. पाच हाडं माझ्या टेबलावर काचेच्या वाटीत आहेत, पिवळी पडलेली. मी ती हातात धरते, वर फेकते, हाताच्या पाठीवर झेलते. झेल अजून चुकत नाही. नाव येत नाही. ते कुठं आहे हे मला नेमकं ठाऊक आहे. कुणाच्या तरी रद्दीत, एका पट्टीखाली, माझ्याच हातानं लावलेल्या खळीत.

गेल्या रविवारी सुनेनं मटण केलं होतं. ताटात पायाचा तुकडा आला. घोट्याचा. सून म्हणाली, "आई, घ्या ना, गार होतंय." मी तो तुकडा उचलला, बराच वेळ धरला, आणि पातेल्यात परत ठेवला. मग नुसता रस्सा घेतला.